व्हीलचेअरवरून सहज फिरता आलेली अनपेक्षित ठिकाणे : नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

नागनदी (धागाकर्ती)

सहलीची ठिकाणे सुचवणारे लेख आंतरजालावर हवे तितके सापडतात, पण व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला घेऊन निघायचे ठरले की त्यांतले बहुतेक निरुपयोगी ठरतात. त्यांत धबधब्याची उंची असते, जवळच्या हॉटेलातल्या जेवणाची चव असते. प्रवेशद्वारापाशी पायऱ्या किती आहेत, एवढेच नेमके नसते. माझे यजमान पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीनंतर गेली काही वर्षे व्हीलचेअर वापरतात. फिरण्याची हौस त्यांना आधीपासूनच होती आणि ती दुखापतीने कमी झालेली नाही. नागपूरहून आम्ही जे काही फिरलो त्यात असे दिसले की, सगळी सोय असेल असे धरून जिथे गेलो तिथे पुष्कळदा अडलो, आणि ज्या ठिकाणांचे नाव या संदर्भात कुणी घेतही नाही तिथे दिवसभर मोकळेपणाने वावरलो. या दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणांची माहिती एका जागी जमावी म्हणून हा धागा काढते आहे.

असे का होते, याचा आम्ही दोघांनी बराच विचार केला. 'सोय' म्हणून जिथे काही केलेले असते तिथे बहुधा मुख्य दारापाशी रॅम्प असतो आणि त्याच्या पुढचा विचार कुणी केलेला नसतो. एका हॉटेलने फोनवर व्हीलचेअरची सगळी व्यवस्था असल्याचे सांगितले होते. रॅम्प होताही; पण आत लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या होत्या आणि न्हाणीघराचे दार खुर्चीपेक्षा अरुंद होते. याउलट जी जागा मुळातच सपाट जमिनीवर आणि बैठ्या बांधणीची आहे, किंवा जिथे राहणाऱ्या माणसांनाच चालण्याची अडचण आहे, किंवा जिथे पाहण्यासारखे जे आहे ते रस्त्यावरूनच दिसते, तिथे कुणी मुद्दाम काही केलेले नसले तरी चाके अडत नाहीत.

सेवाग्रामचा आश्रम हे याचे पहिले उदाहरण. नागपूरहून साधारण ७५ किलोमीटरवर असलेल्या या जागी गांधीजी १९३६ साली राहायला आले. कुट्या गावातल्याच कारागिरांनी माती, लाकूड, बांबू आणि कौले वापरून उभारल्या, त्यामुळे सगळी वस्ती बैठी आहे. वरचा मजला नाही, म्हणून जिनाही नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत पसरलेले अंगण मातीचे असले तरी घट्ट आहे आणि कोरड्या दिवसांत मागची मोठी चाके त्यावरून चांगली चालतात. पुढची लहान चाके मात्र बारीक खड्यांत रुततात, तेव्हा खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी लागते. बापू कुटीचे दार ठेंगणे आहे, त्यामुळे आत खुर्ची नेण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. ओसरीच्या कडेला खुर्ची लावली आणि तिथून आतली बैठक, चटई, भिंतीवरचे मातीचे उठावकाम असे सगळे त्यांनी निवांत पाहिले. घाई करायला कुणी नव्हते. संध्याकाळच्या प्रार्थनेला इतर मंडळी जमिनीवर बसली होती, त्यांच्याच ओळीच्या टोकाला यांची खुर्ची होती.

दुसरे उदाहरण वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेली ही वसाहत पुढे अंध, कर्णबधिर आणि इतर दिव्यांगांचेही घर झाली. तिथले संधीनिकेतन तर दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठीच आहे. पर्यटनस्थळ म्हणून तिथे जाऊ नये, आधी कळवून आणि विचारून जावे, हे माझे स्पष्ट मत आहे. पण जे जातील त्यांना दिसेल की जिथे तीनचाकी सायकलवरून आणि कुबड्यांवरून माणसे रोज कामाला जातात, तिथे रस्ते आणि कामाच्या जागा त्यांच्या सवयीच्या होऊन गेलेल्या असतात. हातमागाच्या विभागात यजमान एका विणकराशी बराच वेळ बोलत बसले होते. दोघेही बसलेले, त्यामुळे नजर एका पातळीवर. एरवी त्यांना प्रत्येकाकडे मान वर करून पाहावे लागते आणि समोरचे माणूस पुष्कळदा त्यांच्याऐवजी माझ्याशीच बोलते. त्या दिवशी तसे झाले नाही, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी हे आपणहून सांगितले.

प्रतिसाद देणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. 'छान सोय आहे' असे लिहू नका. पायऱ्या किती, उंबरा किती इंचांचा, दाराची रुंदी किती, जमीन फरशीची की मुरमाची आणि स्वच्छतागृहात खुर्ची आत जाऊन वळते का, हे लिहा. १८ इंच बैठकीच्या साध्या घडीच्या खुर्चीची बाहेरून रुंदी साधारण २५ ते २६ इंच भरते, आणि आपल्याकडची न्हाणीघराची कित्येक दारे २४ इंचांचीच असतात. सगळी सहल त्या दोन इंचांवर अडते.

महालकर

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि शक्यतो एकटा फिरतो, म्हणून माझी कसोटी आपल्यापेक्षा थोडी वेगळी आहे. चार जणांनी खुर्चीसकट उचलून वर नेले तर त्या जागेला मी सुगम म्हणत नाही, मग उचलणारे कितीही प्रेमाने उचलोत. उचलताना खुर्चीच्या हातांना धरले तर ते निसटून येतात आणि माणूस पडतो, हा धोकाही आहेच. धरायचेच असेल तर चौकट धरावी, आणि आधी बसलेल्याला विचारावे.

माझ्या कसोटीला उतरलेली जागा आपल्या गावातच आहे, ती म्हणजे मेट्रो. मेट्रोला कुणी सहलीचे ठिकाण म्हणणार नाही, पण मी म्हणतो. खापरी ते सीताबर्डी हा पहिला मार्ग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचे चारही बाजूंचे मार्ग पूर्ण झाले. स्थानकात लिफ्ट आहे, तिकीट तपासणीच्या फाटकांपैकी एक रुंद आहे, फलाट आणि डब्याची पातळी जवळपास एक आहे, आणि डब्यात व्हीलचेअरसाठी राखलेली जागा आहे. सीताबर्डीला लिफ्टनेच ऑरेंज मार्गावरून अ‍ॅक्वा या दुसऱ्या मार्गावर जाता येते. लोकमान्य नगरकडे जाताना अंबाझरी तलाव वरून दिसतो, आणि पावसाळ्यात तलाव भरलेला असताना तो न्याहाळत जाणे हा माझा ठरलेला रविवार आहे. झिरो माइल स्थानकात उतरले की इंग्रजी अमदानीतला वाळूच्या दगडाचा झिरो माइल स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोड्यांचे पुतळे जवळच आहेत. या शहरात जन्म काढूनही तो स्तंभ मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला तो मेट्रो आल्यावरच.

अडचण स्थानकाच्या बाहेर सुरू होते. लिफ्टमधून फुटपाथवर उतरलो की तो फुटपाथ वीस पावलांवर संपतो आणि पुढे नऊ इंचांची उभी कड असते, किंवा दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळ असतात की खुर्चीही अडते. म्हणून स्थानक निवडताना बाहेरचा रस्ता आधी कुणाकडून तरी पाहून घ्यावा.

अंबानगरी

अमरावतीहून दोन ठिकाणांची भर घालतो.

पहिले चिखलदरा. थंड हवेचे ठिकाण म्हटले की घाट, चढ आणि पायवाटा डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर आम्ही ते नाव यादीतून काढूनच टाकले होते. प्रत्यक्षात तिथल्या बऱ्याच पॉइंटांपर्यंत गाडी जवळ जाते आणि दरी गाडीच्या खिडकीतून किंवा शेजारी खुर्ची उघडून पाहता येते. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो. ढग अंगावरून जात होते आणि वडील शालीत गुंडाळून दरीच्या कठड्यापाशी बसून होते. गाविलगडाच्या किल्ल्यात आत शिरण्याचा विचार मात्र करू नये, तिथली वाट दगडी आणि चढाची आहे. कॉफीचे मळे रस्त्याच्या कडेने दिसतात.

दुसरे शेगाव. गजानन महाराजांची समाधी भुयारात आहे आणि तिथे उतरण्याचा मार्ग अरुंद आहे, हे सर्वांना माहीत आहे, म्हणून घरातल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला 'तुम्ही इथेच थांबा' असे सांगून बाकीचे दर्शनाला जातात. असे करू नये. मुखदर्शनाचा मार्ग वेगळा आहे. सेवेकऱ्यांपैकी कुणालाही विचारले की 'या माऊली' म्हणत ते पुढे होतात, आणि विशेष म्हणजे खुर्चीवर बसलेल्यालाच विचारतात की तुम्हाला कसे सोयीचे पडेल. परिसर धुऊन पुसलेल्या फरशीचा आहे; ओल्या फरशीवर ब्रेक लावूनही चाक सरकते, तेवढे सांभाळावे.

शुक्रवारी

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरच्या सगळ्या प्रतिसादांत जमीन, दार आणि पायरी यांचाच विचार आहे. मी कमरेखाली संवेदना नसलेली बाई आहे, आणि माझ्यासाठी सहलीचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो. अंगण कितीही सपाट असले तरी चार तासांत वापरता येईल असे स्वच्छतागृह नसेल तर ते ठिकाण माझ्यासाठी नाही. पुरुषांना युरिन पॉट घेऊन गाडीत आडोसा करता येतो, बायकांना ते इतके सोपे नाही. दिव्यांगांसाठी म्हणून पाटी लावलेली स्वच्छतागृहे मी पुष्कळ पाहिली. एकाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता, दुसऱ्यात झाडू-बादल्या ठेवल्या होत्या. मग बायका काय करतात, तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. या धाग्यात प्रत्येक ठिकाणाबरोबर ही माहिती यावी, असा माझा आग्रह आहे.

नागनदी (धागाकर्ती)

शुक्रवारीताई, आपला मुद्दा रास्त आहे आणि तो सर्वांत वर हवा. मुख्य मजकुरात भर घालते आहे. आम्ही घडीची कमोड खुर्ची आणि एक लहान उभा तंबू गाडीत ठेवतो. तंबू कपडे बदलण्यासाठी मिळतो तसा, तळ नसलेला आहे. बायकांनाही त्याचा उपयोग होईल, पण गाडी स्वतःची असेल तरच.

मुक्कामाच्या बाबतीत आता आम्ही फोनवर 'सोय आहे का' असे विचारतच नाही. न्हाणीघराच्या दारावर मोजपट्टी आडवी धरून तिचा फोटो पाठवा, अशी विनंती करतो. ज्यांना खरेच मदत करायची असते ते पाच मिनिटांत फोटो पाठवतात. फोटो यायला दोन दिवस लागले की तिथे जात नाही.

टेकडीरस्ता

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाणी कमी पिण्याचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. मज्जारज्जूची दुखापत असलेल्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग हे आजारपणाचे मोठे कारण असते आणि पाणी तोडल्याने तो धोका वाढतो. कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्यांनी प्रवासात वेळापत्रक पाळावे, वेळ पुढे ढकलू नये. दुसरी गोष्ट बसण्याच्या गादीची. लांबच्या प्रवासात गाडीच्या सीटवर घेतले की खुर्चीची गादी डिकीत जाते आणि माणूस पाच-सहा तास साध्या सीटवर बसतो. संवेदना नसल्यामुळे जखम होत असल्याचे कळत नाही. गादी सीटवर घ्यावी, दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून भार हलवावा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्वचा आरशात पाहावी किंवा कुणाला तरी पाहायला सांगावी. लालसर डाग दाबूनही फिकट होत नसेल तर दुसऱ्या दिवशीचे फिरणे रद्द करावे.

उतारावरून जाताना, विशेषतः तीव्र रॅम्पवर, सोबत्याने खुर्चीची पाठ उताराच्या दिशेला करून स्वतः मागे चालत उतरावे. पुढे तोंड करून उतरवताना माणूस खुर्चीतून पुढे पडल्याचे रुग्ण आमच्याकडे येतात.

कावेरीकाठ

मूळची नागपूरची, सध्या चेन्नईत. आपल्याकडच्या माणसाला समुद्राची ओढ किती असते हे मी सांगायला नको. पण व्हीलचेअरसाठी वाळू म्हणजे पायऱ्यांहून कठीण, कारण पायरी निदान फळी टाकून ओलांडता येते. म्हणूनच मरीना किनाऱ्याबद्दल सांगते. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून समुद्राच्या दिशेने जाणारा कायमस्वरूपी लाकडी मार्ग खुला झाला. लांबी २६३ मीटर आणि रुंदी ३ मीटर, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोरून सहज जातात. पुढच्याच महिन्यात आलेल्या मंदौस चक्रीवादळाने त्याचे नुकसान केले, पण तो पुन्हा दुरुस्त करण्यात आला. नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत.

माझे काका गेल्या वर्षी इथे आले होते. पोलिओमुळे लहानपणापासून चालता येत नाही, वय साठीच्या पुढे, आणि समुद्र पाहिलेला तो दुरून, रस्त्यावरच्या गाडीतून. मार्गाच्या टोकाशी लाटांचा आवाज इतका जवळ येतो की बोलायला आवाज चढवावा लागतो. त्यांनी मला परत फिरायला सांगेपर्यंत पुष्कळ वेळ गेला. सकाळी लवकर जावे; संध्याकाळी त्या मार्गावर चालणारी गर्दी फार असते, आणि ज्यांच्यासाठी तो केला आहे त्यांनाच वाट मागावी लागते.

महालकर

कावेरीकाठ, हे वाचून आजच तिकिटाची चौकशी केली.

रेशीमबाग

आईचे वय ७८ आहे. संधिवातामुळे ती घरात चार पावले चालते, बाहेर मात्र खुर्ची लागते. तिला नागपूरबाहेर दोन-तीन दिवस न्यावे, रेल्वेने न्यावे आणि काहीतरी ऐतिहासिक दाखवावे अशी इच्छा आहे. ती निवृत्त इतिहास शिक्षिका आहे. सेवाग्राम तिने अनेकदा पाहिले आहे. कुणी सुचवू शकेल का?

नागनदी (धागाकर्ती)

सांचीला न्या. भोपाळपर्यंत रेल्वेने जावे. तिथून सांची पन्नास किलोमीटरच्या आत आहे. स्तूप टेकडीवर आहे हे वाचून आम्हीही आधी कचरलो होतो, पण गाडी वर आवाराच्या जवळ जाते. आत दगडी फरसबंदीचे मार्ग आहेत, आणि मोठ्या स्तूपाभोवतीची खालची प्रदक्षिणा जमिनीच्या पातळीवर आहे. फरशीच्या सांध्यांमध्ये पुढची चाके अडकतात, म्हणून हळू जावे. तोरणातून, म्हणजे दगडी प्रवेशद्वारातून, आत शिरताना दगडी वेदिका (कठडा) काटकोनात वळते, तिथे खुर्ची एकदोनदा मागेपुढे करून वळवावी लागते. वरच्या मेधीवरची, म्हणजे स्तूपाच्या उंच चौथऱ्यावरची, प्रदक्षिणा पायऱ्यांनी आहे, ती सोडून द्यावी लागते.

सोडून दिल्याने फारसे बिघडत नाही, कारण सांचीचे सर्वांत सुंदर काम चार तोरणांवर आहे आणि ते खालूनच पाहायचे असते. खुर्चीवर बसलेल्याला खालच्या चौकटींतली शिल्पे उभ्या माणसापेक्षा अधिक सोयीने दिसतात. आपल्या आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत, तेव्हा बुद्धाला मनुष्यरूपात न दाखवता बोधिवृक्ष, धर्मचक्र, पाऊलखुणा यांतून कसे सूचित केले आहे, ते त्या आपल्यालाच समजावून सांगतील. दुर्बीण मात्र न्या, वरच्या कमानींसाठी. उन्हाळ्यात जाऊ नका. दगड तापतात आणि खुर्चीच्या चाकाच्या कडीला हात लावता येत नाही.

भोपाळमध्ये एक दिवस राखून वन विहार पाहता येईल. मोठ्या तलावाच्या काठाने जाणारा रस्ता आहे आणि प्राणी रस्त्यावरूनच दिसतात. इथल्या आपल्या गोरेवाड्यातही बसमधून सफारी आहे, पण बसच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आई चार पावले चालतात, तेव्हा त्यांना जमेल, आमच्या घरी मात्र जमले नाही.

अंबानगरी

सांचीला निघताना घरून एक फळी न्यावी, असे सुचवतो. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, दोन्ही टोके तासलेली, वरून खरखरीत पट्टी चिकटवलेली. नियमानुसार रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांची फळी, आणि ती गाडीत मावत नाही. पण ढकलणारे माणूस धट्टेकट्टे असेल तर तीन फुटांची फळी चार इंचांच्या उंबऱ्याला पुरते. एकट्याने खुर्ची चालवणाऱ्याने मात्र तेवढ्या चढावर जाऊ नये.

शुक्रवारी

सांचीच्या माहितीबद्दल आभार, पण एक गोष्ट नोंदवते. आपण फळ्या, तंबू आणि दुर्बिणी घेऊन फिरतो हे आपले कौतुकाचे असले तरी जबाबदारी आपली नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सार्वजनिक जागा सुगम करणे बंधनकारक आहे. त्याखालच्या २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम सुगमतेच्या निकषांना केवळ शिफारशीचे स्वरूप देतो, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष आखण्यास सांगितले. तेव्हा जिथे अडाल तिथे फोटो काढा, मापे लिहा आणि संबंधितांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.

रेशीमबाग

सर्वांचे आभार. डिसेंबरात सांची नक्की करतो. आईला धागा वाचून दाखवला, तिने आत्ताच पुस्तके काढली आहेत. रेल्वे सवलतीबद्दल कुणी सांगू शकेल का? तिचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, पण तिकिटासाठी ते कधी वापरलेले नाही.

महालकर

दादा, नुसते प्रमाणपत्र आरक्षणाच्या वेळी पुरत नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीसाठी रेल्वेच्या नमुन्यातले सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यावे लागते, आणि त्यावरून रेल्वे दिव्यांगजन ओळखपत्र देते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ते हातात आले की ऑनलाइन तिकिटातही सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. राजधानी आणि शताब्दीचे नियम वेगळे आहेत. ओळखपत्र यायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरात जायचे असेल तर अर्ज याच आठवड्यात करा.

स्लीपरच्या दिव्यांग कोट्यात खालचा बर्थ मिळतो आणि सोबत्याला मधला. काही गाड्यांना टोकाला दिव्यांगांसाठी रुंद दाराचा डबा असतो, पण तो फलाटाच्या अगदी शेवटी येतो आणि तिथे छप्पर असेलच असे नाही. शिवाय त्यात इतर प्रवासी आधीच बसलेले आढळतात. आई चार पावले चालतात, तेव्हा आरक्षित डबाच घ्या. गाडीच्या दाराशी खुर्ची लावून त्यांना आधी फलाटाच्या बाजूचा दांडा धरू द्या, मग बर्थपर्यंत चालवा, आणि खुर्ची घडी करून सर्वांत शेवटी आत घ्या. घडी केलेली खुर्ची खालच्या बर्थखाली मावत नाही. तिची पाय ठेवायची पट्टी काढून ती वेगळी ठेवावी आणि खुर्ची दाराजवळच्या मोकळ्या जागेत साखळीने बांधावी. साखळी आणि कुलूप घरूनच न्या.